वहीतला रिकामा चौकोन

नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर, एक जागा होती. बोटाच्या पेराएवढी. अंगठ्याने दाबलं की तिथे कळ यायची आणि अंगठा दोन बोटं सरकवला की काहीच नाही. पळायला लागल्यावर पहिला किलोमीटर ती जाणवायची, मग अंग तापलं की विसरायला व्हायची. मी तीन आठवडे ती विसरत राहिले. चौथ्या आठवड्यात ती जिना उतरताना यायला लागली आणि एका रात्री अंथरुणावर नुसतं पडलेलं असतानाही आली. तेव्हा मात्र मी घाबरले.

एक्स-रे स्वच्छ निघाला. अशा दुखण्यात सुरुवातीला तो बहुतेकदा स्वच्छच निघतो, हे मला नंतर समजलं. एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली. भेग पडलेली नव्हती, पण पडायच्या वाटेवर होती. डॉक्टरांनी 'स्ट्रेस रिअ‍ॅक्शन' हा शब्द वापरला आणि सहा आठवडे पळणं बंद, असं लिहून दिलं. मी लगेच विचारलं, "चार चालतील का?" त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि फिजिओथेरपिस्टचं नाव कागदावर लिहिलं.

त्या बाईंकडे जाताना मी माझी वही बरोबर घेतली होती. चौकोन आखलेली वही. प्रत्येक चौकोनात तारीख, अंतर आणि वेळ. एकेचाळीसाव्या वर्षी पळायला लागले तेव्हापासूनची ही माझी जपून ठेवलेली कमाई होती आणि शेवटचे ११२ दिवस सलग भरलेले होते. पाऊस, ताप, पाहुणे, प्रवास, कशानेही खंड पडू दिला नव्हता. खरं सांगायचं तर दुखणं दाखवण्याइतकीच ती वही दाखवण्याचीही मला ओढ होती.

त्यांनी पानं शांतपणे उलटली. मग विचारलं, "ताई, यात रिकामा चौकोन कुठे आहे?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग हाडानं त्याचं काम कधी करायचं?"

घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. हाडाचं काम काय असतं? मी पळते, हाड मला उचलून धरतं, एवढंच मला माहीत होतं. सहा आठवडे हातात होते. मी वाचायला लागले.

हाड म्हणजे दगडासारखं काहीतरी, असं इतकी वर्षं मनात होतं. प्रत्यक्षात त्यात जन्मभर पाडकाम आणि बांधकाम शेजारी शेजारी चालू असतं. पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. त्याने हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. या भेगा म्हणजे इजा नव्हे, तो एक निरोप असतो: इथे काम काढा. निरोप मिळाला की आधी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी येतात. त्या थकलेला भाग पोखरून काढतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि ती पोकळी नव्या हाडाने भरत जातात. हे भरणं मात्र संथ असतं, ते तीन-तीन महिने चालतं. भिंत फोडायला एक दिवस आणि बांधायला महिना लागतो, तसलाच हा हिशेब. आणि फोडून झाल्यावर, भरणं पुरं व्हायच्या आधी, त्या जागी हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं. नवा व्यायाम उत्साहाने सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय दुखायला लागतात ते बऱ्याचदा यामुळे. श्वास तोवर सुधारलेला असतो, स्नायू साथ देत असतात, आपल्याला वाटतं आता वाढवायला हरकत नाही. हाड मात्र नेमकं तेव्हा अर्धं उघडलेलं असतं.

हे दुखणं नवं नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर ४० वर्षांनी लागला आणि मग कळलं की ती पावलं नुसती सुजलेली नसत, आतून मोडलेली असत. कोणी घाव घातलेला नाही, कोणी पडलेलं नाही. नुसतं चालून, रोज चालून, न थांबता चालून.

मी पुन्हा वही उघडून पाहिली. ११२ दिवसांत मी माझ्या हाडाला ११२ निरोप धाडले होते आणि एकाचंही उत्तर लिहायला उसंत दिली नव्हती.

स्नायूंचीही कहाणी अशीच निघाली, फक्त वेग जास्त. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे, असं मी कितीतरी जणांना आत्मविश्वासाने सांगितलं आहे. ते चुकीचं होतं. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून बरंचसं निवळलेलं असतं, आणि अंग तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतं. थिओडोर हफ या शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहिलं होतं की हे दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटण्याशी संबंधित असावं. उतारावर पळणं, वजन सावकाश खाली आणणं, जिना उतरणं, म्हणजे स्नायू ताणला जात असताना त्याला जोर लावायला लावणं, यातून ते सर्वांत जास्त होतं. पुढची डागडुजी पेशी आपण होऊन करतात. १९९५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तरुणांच्या दंडाच्या स्नायूंत हे मोजलं. जोरकस व्यायामानंतर ४ तासांनी स्नायूंत नवी प्रथिनं बनण्याचा वेग ५० टक्क्यांनी वाढलेला होता. २४ तासांनी तो १०९ टक्क्यांनी वाढलेला होता, म्हणजे नेहमीच्या दुपटीहून जास्त. ३६ तासांनी तो जवळजवळ पूर्वपदावर आला. हे आकडे मी किती वेळा वाचले असतील! सर्वांत जास्त बांधकाम व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी चालू असतं. ज्या दिवशी आपण काहीच करत नाही असं आपल्याला वाटतं, त्या दिवशी.

स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा याहून सावकाश चालतात. मोठ्या श्रमानंतरचा पहिला दीड दिवस तिथे घडण्यापेक्षा मोडणं जास्त असतं, त्यानंतर घडणं पुढे जातं. रोज पळणाऱ्या माणसाच्या कंडरेच्या वाट्याला तो दुसरा दिवस येतच नाही.

या वाचनात मला सर्वांत आवडलेला प्रयोग स्वीडनमधला आहे. १९६६ सालचा. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन हे दोघे संशोधक. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साठवलेलं इंधन व्यायामाने कसं संपतं आणि कसं भरतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकच व्यायामाची सायकल, तिच्या दोन बाजूंना दोघे, आणि प्रत्येकजण आपला एकच पाय मारतोय. एकाचा उजवा, दुसऱ्याचा डावा. दुसरा पाय स्वस्थ. पाय पार गळून जाईपर्यंत त्यांनी पॅडल मारलं. मग दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासला. दमलेल्या पायातला साठा जवळजवळ संपलेला होता, स्वस्थ पायातला जसाच्या तसा. पुढचे तीन दिवस त्यांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला आणि रोज तपासणी केली. तीन दिवसांनी दमलेल्या पायातला साठा स्वस्थ पायातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट झाला होता.

मला या प्रयोगाने भारून टाकलं. माणूस एकच, रक्त एकच, अन्न एकच, झोप एकच. तरी शरीराने नेमकं ओळखलं की कोणत्या पायाने काम केलं आहे, आणि त्यालाच मोजून जास्त दिलं. पण हे देणं तीन दिवसांत झालं. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी पुन्हा त्याच पायाने गळेपर्यंत पॅडल मारलं असतं तर हे दुप्पट दान कधी दिसलंच नसतं. माझ्या पायांनाही असं काही मिळणार असेल, आणि मी दर पहाटे ते यायच्या आधीच दार लावून बाहेर पडत असेन, हा विचार मला फार लागला.

पहाटेवरून आठवलं. मी पळायला वेळ काढला होता तो झोपेतून. घरातलं आवरून झोपायला अकरा वाजत आणि गजर साडेचारचा. साडेपाच तासांची झोप. तिचा मला त्या काळात अभिमान वाटायचा, आता वाईट वाटतं. शरीरात दुरुस्तीला चालना देणाऱ्या ग्रोथ हार्मोनची सर्वांत मोठी लाट रात्रीच्या सुरुवातीच्या गाढ झोपेत येते. ती मला मिळत असेलही. पण हालचालीतला नेमकेपणा, मनाचा तोल, दुसऱ्या दिवशीची उमेद यांना उरलेली रात्रही लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज रात्री निदान १० तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. सराव तोच. त्यांचा धावण्याचा वेळ सरासरी १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आला आणि फ्री थ्रोचा नेम ९ टक्क्यांनी सुधारला. खेळाडू मोजकेच होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून यावर मी फार मोठी इमारत उभारणार नाही. तरी मला त्यातली एक गोष्ट खरी वाटते. ते खेळाडू आधी दमलेले होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

मग मी हे सगळं का करत होते? ११२ दिवस खंड न पडू देण्यामागे काय होतं? पळण्याची आवड होती, हे खरंच. पण आवडीला एवढी वेसण लागत नाही. खरं कारण भीती होती. त्याआधीच्या दहा वर्षांत मी पाच-सहा वेळा व्यायाम सुरू करून सोडला होता. प्रत्येक वेळी गोष्ट एकाच रीतीने संपायची. एक दिवस चुकायचा, दुसरा चुकायचा आणि तिसरा दिवस कधी यायचाच नाही. जिने चढताना दम लागणारी, आरशात स्वतःकडे नीट न पाहणारी ती बाई मला परत व्हायचं नव्हतं. एक चौकोन रिकामा राहिला तर ती त्या चौकोनातून आत शिरेल, असं मला वाटायचं. मी व्यायाम करत नव्हते, मी पहारा देत होते. ही भीती ज्यांनी स्वतः अनुभवली नाही त्यांना ती पोरकट वाटेल. ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी आणखी काही समजावून सांगायची गरज नाही.

ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर यांची हकिकत मला याच दिवसांत भेटली. १९५४ च्या वसंतात ते आणि त्यांचे दोन सहकारी पाव-पाव मैलाच्या दहा फेऱ्या पळण्याचा सराव करत होते. प्रत्येक फेरी ६० सेकंदांच्या आत आणायची होती. ६१ पर्यंत आले आणि तिथेच अडकले. कितीही जोर लावला तरी तो एक सेकंद कमी होईना. तेव्हा बॅनिस्टर आणि त्या दोघांपैकी ख्रिस ब्रॅशर सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले. परतल्यावर विसावले आणि मग पळाले, तर फेरी ५९ सेकंदांत. पुढे शर्यतीच्या आधीचे पाच दिवस बॅनिस्टर यांनी पळणं पूर्ण थांबवलं. ६ मे १९५४ रोजी त्यांनी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस, त्याआधीचे पाच दिवस पळलेला नव्हता. ते वैद्यकीचे विद्यार्थी होते, शरीर वाचायला शिकत होते, म्हणून त्यांना ते धाडस झालं असावं. मोठ्या शर्यतीपूर्वी साधारण दोन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा, पण वेग तोच ठेवायचा, ही आज प्रशिक्षकांची मुरलेली रीत आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मी त्या सहा आठवड्यांत तिथेही चुकले. पहिला आठवडा मी रुसून काढला. पळायचं नाही ना, मग काहीच नाही. खुर्चीतून उठायचं नाही, पाय उशीवर. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तेही पकडलं. "पळू नका म्हटलं होतं, झोपून राहा म्हटलं नव्हतं." १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा आढळलं की तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

म्हणजे विश्रांती आणि निष्क्रियता ही जुळी भावंडं नाहीत. 'विश्रांती' या शब्दाच्या पोटातच 'श्रम' आहे. ज्याने श्रम केले त्यालाच ती लागू. शिवाय ती ज्या अवयवाने श्रम केले त्याची असते. माझ्या नडगीला भार नको होता, बाकीच्या अंगाला हवा होता. मग मी पाण्यात पोहायला लागले, दुखत नाही एवढं चालायला लागले, खांदे-पाठीचे व्यायाम केले. सुश्रुताने व्यायाम बलाच्या अर्ध्याने करावा, असं सांगितलं आहे, नाहीतर तो घात करतो, आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला की अर्धं बल झालं असं समजावं, अशी खूणही दिली आहे. गंमत म्हणजे त्याच श्लोकात व्यायाम रोज करावा असंही आहे. रोज, पण अर्धा. मी 'रोज' तेवढं उचललं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात सलते आणि ती बायकांपुरती नाही, पण बायकांच्या वाट्याला जास्त येते. व्यायामाला सुट्टी दिली की ती जागा रिकामी राहत नाही, तिच्यात घरातली साठलेली कामं येऊन बसतात. आजारी माणसाची शुश्रूषा, मुलांचे अभ्यास, कार्यालयातून घरी आणलेलं काम. १९३६ मध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने ताणाविषयीचे उंदरांवरचे प्रयोग मांडले. थंडी, जखम, औषधाची विषारी मात्रा, अतिश्रम, कारण कोणतंही असो, शरीराचा मूळ प्रतिसाद सारखाच होता: आधी धोक्याची हाक, मग तगून राहणं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी कोसळणं. शरीर प्रत्येक ताणाची वेगळी वही ठेवत नाही. जागरणाची रात्र आणि दहा किलोमीटरची धाव एकाच पानावर लिहिली जातात. म्हणून घरात कोणी आजारी असेल त्या आठवड्यात मी आता वेगात पळत नाही. पूर्वी अशाच आठवड्यात मी जास्त पळायचे, जीव मोकळा व्हायला. मन मोकळं व्हायचं, बिल नडगी भरायची. घरच्यांना मी हे स्पष्ट सांगितलं आहे की विश्रांतीचा दिवस हा माझा कामाला मोकळा असलेला दिवस नाही. ते सांगायला पळण्यापेक्षा जास्त बळ लागलं.

दमणं आधी ओळखू येतं. सकाळी अंथरुणातच नाडी मोजली आणि ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त निघाली, रात्री दमूनही झोप लागली नाही, क्षुल्लक कारणावरून डोळे भरून आले, नेहमीचा जिना उंच वाटला, तर मी त्या दिवशी बूट बाहेर काढत नाही. या खुणा एकेकट्या फसव्या असतात. दोन-तीन एकदम आल्या तर मी त्यांचं ऐकते. ऐकलं नाही तर काय होतं, त्याला क्रीडावैद्यकात ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणतात. चार-आठ दिवसांच्या थकव्यातून आठवडाभरात बाहेर पडता येतं. ओव्हरट्रेनिंगमधून बाहेर यायला मात्र महिने लागतात, आणि तिथे जायची वाट अगदी साध्या, कौतुक होणाऱ्या, न चुकणाऱ्या दिवसांनी बांधलेली असते.

सहा आठवड्यांत सगळं गमावेन, ही धास्ती होती. वर्षानुवर्षं सराव केलेल्या खेळाडूंनी तो पूर्ण बंद केला तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायूची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली होती, ताकद तर त्याहून जास्त टिकते. मी पोहत होते, चालत होते. मी गमावलं, पण जितकं वाटलं होतं त्याच्या पासंगालाही ते पुरलं नसतं.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी मी पळाले. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. अवघी आठ मिनिटं पळणं. पहिल्या मिनिटाला सगळं लक्ष नडगीत होतं. तिसऱ्या फेरीला ते श्वासावर आलं. सातव्या फेरीला मी कुठे आहे हेच विसरले, इतकं बरं वाटत होतं. आठवी संपली तेव्हा आणखी एक करावी, असं पायांनी, मनाने, सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी काही करायचं नव्हतं. तशी सक्त ताकीद होती. पहाटे साडेचारला सवयीने जाग आली. गजर लावलेला नव्हता. काळोखात उठून बसले, पाय जवळ ओढला आणि नडगीवर अंगठा ठेवला. त्या जागी दाबलं. मग थोडं आणखी. बोटाखाली नुसतं हाड होतं, घट्ट, थंड, काही न सांगणारं. आत काय काय चाललं असेल, कोण पोखरत असेल, कोण भरत असेल, ते तसंच चालू देऊन मी पांघरूण वर ओढलं. जाग आली तेव्हा पावणेसात वाजले होते. वहीत मंगळवारच्या चौकोनात मी झोपेचे तास लिहिले.